जि. प. शाळेत परसबाग आणि आहाराचे तास: माणसं हवीत, अनुभवही हवेत

मुनगा

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला आम्ही पाच-सहा जण जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवड्यातून एक दिवस जातो. एक निवृत्त कृषी सहायक आहेत, एक आशाताई आहे, बी.एस्सी. करणारी एक मुलगी आहे, बाकी आम्ही शेती-नोकरीवाले. मानधन नाही, पेट्रोल आपापलं. एक तास आहाराचा, एक तास मातीतला. नव्या सत्राला माणसं कमी पडताहेत म्हणून हा धागा. पण आधी काय करतो ते सांगतो, म्हणजे 'हिरव्या भाज्यांचे महत्त्व' यावर भाषण ठोकायला कोणी निघालं असेल तर त्याचं पेट्रोल वाचेल.

आमचं म्हणणं एवढंच की बाग पातेल्यासाठी लावायची, फोटोसाठी नाही.

शालेय पोषण आहाराचं माप बघा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशोब. सहावी ते आठवीला धान्य १५०, डाळ ३०, भाजी ७५ ग्रॅम. तांदूळ-डाळ येऊन पडते, पण ताजी भाजी गावातच बघावी लागते आणि गाडी तिथे अडते. आठवडी बाजार एकच दिवस. त्यानंतर दोन दिवस भाजी दिसते, मग आलू, मग नुसतं पिवळं वरण.

चाळीस पोरांच्या शाळेला ५० ग्रॅमच्या हिशोबाने रोज दोन किलो भाजी लागते. गुंठाभर बागेतून वर्षभर तेवढी निघत नाही, हे मुख्याध्यापकांना पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. आमचं मागणं लहान आहे. पावसाळा आणि हिवाळा मिळून आठवड्यातून दोनदा पातेल्यात पाला पडला पाहिजे आणि पोरांनी तो ताटाच्या काठाला न काढता खाल्ला पाहिजे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड.

पाल्यावरच भर का, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के बालकं रक्तक्षयाची निघाली. हीच पोरं पुढे पहिलीत येऊन बसतात.

आहाराच्या तासाला तक्ता नाही, चार्ट नाही. 'काल सकाळपासून काय काय खाल्लं ते ताटात काढा' एवढंच सांगतो. कागदावर चहा-पोळी येते, भात-वरण येतं, आलूची भाजी येते आणि पाच रुपयांचा पुडा येतो. पुडा मात्र सगळे रंग भरून काढतात, नावासकट. हिरवा खडू तसाच राहतो. यावर आम्ही रागावत नाही. पुढच्या वेळी तोच कागद हातात देतो आणि विचारतो की यात घरच्या वावरातलं काय आहे. ज्या घरी चार एकर कपाशी-सोयाबीन आहे, तिथलं पोरगंही तूर सोडून दुसरं नाव घेऊ शकत नाही. पूर्वी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळींत बरबटी (चवळीच्या शेंगा), आंबाडी, वाळूक असायचं. आता तणनाशकात ते बसत नाही.

बागेचं वेळापत्रक आपल्या उन्हाप्रमाणे ठेवावं लागतं. बाकी महाराष्ट्राच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भातल्या महिनाअखेरीला. तोवर पहिला पाऊस होऊन काळी माती चिखल झालेली असते. म्हणून वाफे मे महिन्यातच, गावातल्या दोन माणसांना धरून, गादीवाफेच करायचे. सपाट वाफ्यात ऑगस्टमध्ये मुळं सडतात. पावसाळ्यात कुंपणावर दोडके, कोहळं (लाल भोपळा), बरबटी, आणि वाफ्यात चवळई, भेंडी. नवरात्र आटोपलं की पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), मुळा. मेथी-पालक महिन्याभरात हाताशी येतात, पोरांचा धीरही तेवढाच असतो. मार्चमध्ये सकाळची शाळा लागली की बाग आवरती घ्यायची. ४५ अंशांत पालक जगवायच्या नादी लागू नका. उन्हाळ्यात मुनगा (शेवगा), लिंबू आणि कढीपत्ता तगले तरी पुष्कळ. जेवणाआधीच्या हात धुण्याचं पाणी या तीन झाडांकडे वळवलं की त्यांना वेगळं पाणी लागत नाही.

एक नियम मात्र कडक आहे. 'घरून डबा-बादली आणा' असं पोरांना सांगू नका. सांगितलं की फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे येतात, वरचं तोंड कापून, तार लावून, छान हँडल केलेले. आमच्या एका शाळेत नळाखाली असे डबे ओळीने मांडलेले दिसले, एकावर लाल त्रिकोण (अतिविषारी औषधाची खूण) तसाच होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तरी हा डबा घराघरात पाणी भरायला आहेच. झाऱ्या आम्हीच नेतो. बागेत रासायनिक फवारणी नाही. मावा कीड पडली तर निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून.

आता तुमचं सांगा. विशेषतः वानरं, उन्हाळा आणि स्वयंपाक या तीन बाबतींत.

---

पऱ्हाटी

भाऊ, चांगलं काम करून रायले तुम्ही, पण राग मानू नका. आमच्याइकडं दारव्हा भागात एका शाळेत परसबाग पायली म्या. स्पर्धा होती तालुक्याची. चुना मारलेल्या विटा, मधात फुलीचं डिझाइन, 'पालक' 'मेथी' अशा पाट्या. साहेब लोकं येऊन गेले, फोटो झाले, नंबर आला. पंधरा दिवसांनी गेलो तं बकऱ्या चरून रायल्या होत्या अन् पाट्या तशाच उभ्या. पालकाच्या पाटीखाली बकरी. पोट्ट्यायनं त्या बागेतली एक काडी खाल्ली नसन.

स्पर्धा बंद करा म्हणत नाही. पण नंबर द्यायचा असन तं डिझाइनले कायले देता? मधल्या सुट्टीत अचानक या अन् पातेल्याचं झाकण उघडून पाहा.

---

निवृत्त_मास्तर

पऱ्हाटीभाऊंशी सहमत. पण शिक्षकाच्या बाजूनेही थोडं.

दोन शिक्षकी शाळेत एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग. त्याला 'बागेचाही तास घ्या' म्हटलं तर तो मान हलवेल आणि करणार नाही. म्हणून बाग हा वेगळा विषय करू नका, असलेल्या विषयात घाला. वाफ्याची लांबी-रुंदी मोजली की क्षेत्रफळ झालं. शंभर बिया टोचल्या, बहात्तर उगवल्या की टक्केवारी झाली. तिसरीच्या परिसर अभ्यासात पान, मूळ, खोड आहेच, ते फळ्यावर कशाला काढायचं? मी चौथीला भागाकार मेथीच्या जुड्यांवर शिकवलेला आहे. बाकी किती उरली हे कोणाला सांगावं लागत नसे.

यात नवीन काही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची (कामातून शिक्षणाची) मांडणी झाली, झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम केला, आणि सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती आणि स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग आहे. आर्वीहून लांब नाही, एकदा जाऊन या.

दोन गोष्टी मात्र जपा. निंदण ही शिक्षा होऊ देऊ नका. 'गृहपाठ नाही केला? जा, वाफा निंद' हे एकदा जरी झालं तरी बाग मेली. आणि शेण कालवायला, खड्डा उपसायला दरवेळी कोणती पोरं पुढे केली जातात ते बघा. कोणी मुद्दाम करत नाही, पण गावातली जुनी वाटणी शाळेच्या बागेतही बरोबर उतरते. आम्ही पाळी लावली होती, नावं चिठ्ठीने. पाटलाच्या घरून निरोप आला, 'पोराले शिकायले धाडलं, शेणात हात घालायले नाही.' मी निरोप पाठवला की तुमच्या वावरात शेणखत कोण टाकतं ते पोराला माहीत असलेलं बरं. पोरगा पाळीला आला.

---

सांबारवडी

आहारशास्त्र शिकले आहे, सध्या अमरावतीत असते. मुनगाभाऊ, धाग्याचा सूर आवडला. थोडी भर घालते.

पाल्याने रक्त वाढतं असं मुलांना सरसकट सांगू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम पालकात लोह तीन मिलिग्रॅमच्या आतबाहेर आहे, मुनग्याच्या पाल्यात साडेचारच्या आसपास. पण मुलाच्या ताटात मुनग्याचा पाला पडतो दहा ग्रॅम. म्हणजे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि त्यातलंही अंगी थोडंच लागतं. मुनग्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे: १०० ग्रॅमला सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि भरपूर बीटा-कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. ते अंगी लागायला तेल लागतं. म्हणून पाला नुसता उकडू नये, फोडणीत परतावा. वाटपाच्या वेळी वर लिंबू पिळावं, क जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की उलटं होतं. तुमच्या कागदावरची चहा-पोळी त्यामुळेच महत्त्वाची. चहा बंद करा म्हणून कोणी ऐकणार नाही, पण पोळीसोबत जवसाची किंवा तिळाची चटणी आणि चहा तासाभराने, एवढं काही घरं ऐकतात.

लोहाच्या गोळ्या चालूच राहू द्या. प्राथमिकला आठवड्याची गुलाबी, सहावीपासून निळी. बाग झाली म्हणून गोळ्यांचा डबा कपाटात गेला, असं होता कामा नये. जंतनाशक दिनाची गोळीही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे कुठल्याच बागेच्या कार्यक्रमात बोललं जात नाही: मुलं अनवाणी वाफ्यात उतरतात. ओल्या मातीतून अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्यात बसून रक्त पिते. गावाच्या कडेला उघड्यावर बसणं अजून थांबलेलं नसेल आणि शाळेची जागा त्याच बाजूला असेल, तर रक्तक्षयावर उपाय म्हणून केलेल्या बागेतच रक्तक्षय व्हायचा. चपलेशिवाय वाफ्यात पाय नाही, निघताना साबणाने हात, आणि नखं. चपला नसतील त्या मुलांसाठी शाळेत जुने जोड जमवून ठेवा.

---

मुनगा

सांबारवडी ताई, चपलेचं एकदम पटलं. गावात विचारलं तर लहान झालेल्या चपला घराघरात पडलेल्या असतात. या सत्रात बागेच्या कोपऱ्यात चपलांचं खोकं ठेवतो. लिंबाची फोड वाटपाच्या वेळी देतोच, कारण पातेल्यात पिळलं तर मोठ्या वर्गाची पोरं वाटपाआधीच चव घ्यायला येतात!

---

पुणेरी_पाहुणा

उत्तम उपक्रम. आमच्या कंपनीचा ग्रुप एखाद्या शनिवार-रविवारी येऊ शकतो. रोपं आम्ही आणू, ब्रोकोली, लेट्यूस, चेरी टोमॅटो वगैरे. माती खराब असेल तर हायड्रोपोनिक्सचा छोटा सेटही देता येईल. मुलांना मजा येईल.

---

पऱ्हाटी

राजेहो! माती खराब म्हणते! अरे बावा, या मातीत काडी खोचली तं पालवी फुटते.
ब्रोकोली शिजवाले आमची शाळेतली काकू तयार होईन, पण पोट्टे म्हणतीन का फूलगोबीले बुरशी लागली.

---

मुनगा

पाहुणे, पऱ्हाटीभाऊंचं मनावर घेऊ नका, त्यांचं प्रेम असंच असतं. खरंच मदत करायची असेल तर रोपं नको, तारेची जाळी आणि एक पाण्याची टाकी द्या. आणि रविवारी शाळा बंद असते, त्यामुळे कामाच्या दिवशी या. दोन माणसं पाच वेळा आली तर वीस माणसं एकदा येण्यापेक्षा बरं.

---

धानपट्टा

मी आरमोरीकडचा. आमच्याकडे गणित जरा वेगळं आहे. इथे कपाशी नाही, धान आहे, आणि रानही आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाजारात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) येतात, तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी पानं येतात, कुड्याची फुलं, काटवलं. तुम्ही वाफ्यात पालक लावून शिकवायला जाल आणि तिसरीतली पोरगी तुम्हाला बांधावरच्या पाच भाज्या दाखवेल ज्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत. तेव्हा तास तिच्याकडे सोपवा.

आम्ही बागेआधी आज्यांना शाळेत बोलावलं. प्रत्येकीने एकेक भाजी आणायची आणि ती कशी निवडायची, कशी शिजवायची ते सांगायचं. वास्ते उकळून पहिलं पाणी फेकून द्यायचं असतं, हे आजीने सांगितलं की पोरं विसरत नाहीत. त्या दिवशी फळ्यापाशी जाऊन बोलणाऱ्या बाया एरवी शाळेच्या गेटच्या आत यायलाही बिचकायच्या.

पण रानभाजीचा उदो उदो करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळा. आजी ओळखेल तीच तोडायची, फोनमध्ये फोटो बघून नाही. आणि बांधावर तणनाशक मारलं असेल तिथली पानं अजिबात नाहीत. तरोटा मारल्यावर लगेच वाळत नाही, दोन-चार दिवस हिरवाच दिसतो. त्यामुळे ज्याचा बांध त्याला विचारून तोडा. आम्ही तर आता तरोटा आणि आंबाडी शाळेच्याच कुंपणाला टाकतो, बी फुकट आणि देखभाल शून्य.

---

पूर्णाकाठ

दर्यापूरहून. तुमची काळी माती, धानपट्ट्याचं रान, सगळं मस्त. आम्ही खारपाणपट्ट्यातले, आमचं काय? बोअरचं पाणी चहाला चालत नाही, मेथीला काय चालणार. मागच्या हिवाळ्यात शाळेत वाफे केले, बोअरचं पाणी दिलं, महिनाभरात मातीवर पांढरा थर. मेथी चार बोटं झाली आणि पिवळी पडली.

---

मुनगा

तुमचा प्रश्न आमच्या कृषी सहायक काकांना दाखवला. त्यांचं उत्तर त्यांच्या शब्दांत टंकतो:

"बोअरचं पाणी बंद. खारं पाणी भारी जमिनीत साठतं, निचरा होत नाही, पाणी उडालं की मीठ वर येतं. थोडं थोडं रोज दिलं तर जास्तच वाईट. शाळेच्या टिनाचं पावसाचं पाणी पन्हाळी लावून टाकीत घ्या. पहिल्या पावसाचं सोडून द्या, टिनावरची घाण जाते. टाकीच्या पाण्यात जेवढं निघेल तेवढंच हिवाळ्यात लावा, बाकी सगळा भर पावसाळ्यावर ठेवा. पाऊस मीठ खाली नेतो, तेव्हा गादीवाफ्यावर चवळई, भेंडी, गवार घ्या. हिवाळ्यात मेथीच्या मागे लागू नका, पालक आणि बीट मीठ सहन करतात. वाफ्यावर तुराट्यांचा, सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर टाका, म्हणजे पाणी कमी उडेल. आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी दोन्ही तपासून घ्या, मग पुढचं बोलू."

---

काकूचा_पोरगा

बऱ्याच दिवसांपासून वाचतो इथे, पहिल्यांदाच लिहितो. माझी आई शाळेत खिचडी शिजवते. शाळेचं नाव सांगत नाही.

तुम्ही सगळे बाग, माती, लोह यावर बोलता. पालक निवडतं कोण? नव्वद पोरांची शाळा. आई आणि आणखी एक मावशी. सकाळी येऊन पातेली घासायची, पाणी भरायचं, तांदूळ निवडायचा, शिजवायचं, वाढायचं, पुन्हा घासायचं. मानधन किती असतं ते तुम्हाला माहीत असेल. त्यात साडेदहाला कोणीतरी दादा-ताई चिखलासकट चार किलो मेथी आणून ठेवतात आणि म्हणतात, काकू, आज ही टाका बरं, पोरांनी स्वतः पिकवली आहे. पोरं टाळ्या वाजवतात. आई ती मेथी बघते. मेथी चार पाण्यांत धुवावी लागते, नाहीतर वरणात रेती लागते आणि बोल काकूलाच बसतो.

एकदा तिने अर्धी मेथी घरी आणली आणि संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून निवडली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत शिजली. कोणाला माहीतही नाही.

बाग नको म्हणत नाही ती. उलट तिला आवडते. फक्त काय लावायचं हे तिला कधी कोणी विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, कोहळं लावा, दोन चिरले की पातेलं भरते, निवडायचं काम नाही, अन् पोट्टे गोड म्हणून खातात. आणि कढीपत्ता अन् सांबार रोज लागतो, तो कोणी लावत नाही.

---

निवृत्त_मास्तर

पोरा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. आईला नमस्कार सांग.

---

सांबारवडी

आणि आईचा आहारसल्ला माझ्यापेक्षा पक्का आहे. पिकलेल्या नारिंगी कोहळ्यातही बीटा-कॅरोटिन असतंच. फोडणीत परतलं की झालं.

---

मुनगा

काकूचा पोरगा, आमच्या दोन शाळांत आम्ही पाला आदल्या दिवशी तोडतो आणि शेवटच्या तासाला पाचवीची पोरं व्हरांड्यात गोल करून निवडतात, आम्ही सोबत बसतो. धुणं मात्र काकूंवरच राहतं. या वर्षी ते काम येणाऱ्या स्वयंसेवकाचं, असं ठरवू. ज्याला मेथी धुवायची नाही त्याने आहाराचा तास घेऊ नये.

मुनग्यासाठी एक युक्ती सांगतो, तुमच्या आईला माहीत असेलच: डहाळ्या संध्याकाळी तोडून कापडात घट्ट गुंडाळून ठेवल्या की सकाळपर्यंत पानं आपोआप गळतात, झटकली की झालं.

आणि लागवडीची यादी सत्र सुरू होण्याआधी काकूंसमोर बसूनच करायची. मुख्याध्यापकांची सही नंतर.

---

धानपट्टा

वानरांचं राहिलंच की. आमचा अनुभव: जाळी टाकली नाही तर टमाटर, भेंडी, कोहळ्याची कोवळी फळं काहीच राहत नाही. हळद, आलं, मिरची यांना सहसा हात लावत नाहीत. म्हणून बाहेरच्या ओळीला तेच लावतो आणि आतल्या दोन वाफ्यांवर बांबूची कमान करून जाळी. सगळ्या बागेला जाळी परवडत नाही. बुजगावण्याला ते दोन दिवसांत ओळखतात.

---

पऱ्हाटी

आमच्याइकडं वानर अन् रोही (नीलगाय) दोन्ही. रोही रात्री येते, कुंपण उडी मारून. बोराटीच्या फांद्या दोन पदरी लावा.
अन् मुनगाभाऊ, मी सोमवारी मोकळा रायतो. आर्वी लांब पडते मले, पण दारव्ह्यात कोणी सुरू करत असन तं सांगा. भाषण देत नाही, मेथी धुतो.

---

पुणेरी_पाहुणा

जाळी आणि हजार लिटरची टाकी नक्की. जाळी किती मीटर लागेल ते कळवा. आणि मंगळवारी दोघं येतो.

---

काकूचा_पोरगा

आई विचारते, पोपटाच्या (वालाच्या) शेंगांचं गावरान बी आहे का कोणाकडे? आमच्याकडचं संपलं. दुकानातलं नको म्हणते, त्याच्या दाण्याला चव नाही.

---

पूर्णाकाठ

माझ्या मामाकडे अचलपूरला आहे, जांभळ्या फुलाचं. पाव किलो निघेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, पत्ता कळवा.